न आलेल्या पाहुण्याची खोली

आमचे बेंगळूरचे घरमालक हे सबंध हिंदुस्थानातले एकमेव गृहस्थ असावेत, ज्यांना कुठलीही खोली आडवं पडून बघितल्याशिवाय कळत नसे. लोक घर बघायला जातात तेव्हा खिडक्या मोजतात, नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारतात. हे गृहस्थ कोपऱ्यातली चटई ओढून सरळ जमिनीवर उताणे होत आणि छताकडे बघत स्वस्थ पडून राहत. "माणूस निम्मं आयुष्य आडवा असतो की," असं वर आपल्यालाच समजावत. मल्लेश्वरममधलं त्यांच्या घरामागचं औटहाउस मला भाड्यानं देण्याआधी ते स्वतः आठवडाभर तिथं झोपले होते. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड उशीवर नेमका कुठं पडतो, पहाटे दूधवाल्याची सायकल कुठल्या खिडकीशी खडखडते, आणि कोणत्या कुशीवर झोपलं म्हणजे चिंचेवरचे कावळे कमी ऐकू येतात, याची साद्यंत माहिती त्यांनी किल्ली देण्याआधी मला दिली. मग मला भिंतीशी उभं करून हात वर करायला लावला, हात पोचला तिथं पेन्सिलीनं खूण केली आणि त्या खुणेवर सदऱ्यासाठी खुंटी ठोकली. "आधीचे भाडेकरू स्वल्प बुटके होते. त्यांची खुंटी तुम्हाला कशाला?" ते म्हणाले. जुनी खुंटी त्यांनी काढून नेली होती आणि तिचं भोकही बुजवलं होतं.

पन्नासचं दशक तेव्हा सरत आलं होतं. मी साताऱ्याहून नोकरीसाठी नुकताच आलेला, एकटा. घरमालक आणि मी एकाच सरकारी कारखान्यात. मी नवा इंजिनियर, आणि ते ड्रॉइंग ऑफिसातले हेड ड्राफ्ट्समन. सगळं मल्लेश्वरम त्यांना अण्णा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. ते मला पुणेकर म्हणत. मी साताऱ्याचा आहे हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं, पण कृष्णेपलीकडून येणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी पुणेकरच होता. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले. मराठी मात्र त्यांनी तेव्हापासून जपून ठेवली होती, मधूनमधून डागडुजीला कन्नड वापरून. त्यांच्या दोन्ही कानांवर दोन पेन्सिली असत, उजवीकडे कठीण शिशाची आणि डावीकडे मऊ. कुणाच्या लग्नात जेवायला बसले की समोरच्या केळीच्या पानावर बोटानं चटणी ओढून यजमानांच्या घराला माडीचा जिना कुठून काढता येईल हे दाखवत, आणि तो जिना पुरा होईपर्यंत वाढपी भात घेऊन ताटकळत उभे राहत. एकदा यजमान खरोखरच पटले आणि त्यांनी तो जिना बांधला. तो अजून तिथं असेल.

असा हा माणूस बोलताना कधी थकत नसे, त्यांचं घर मात्र एका बाबतीत मुकं होतं. घरात माणसं तीन: अण्णा, त्यांची बायको अक्का, आणि अण्णांची विधवा आत्या. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. आत्यांनी एकदाच, तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता मला सांगितलं, "तीनदा झालं. तिन्ही वेळा रिकामी ओंजळ. काठोकाठ भरून आलेली विहीर एका रात्रीत आटावी तसं." त्यानंतर तो विषय त्यांनी माझ्यापाशी काढला नाही आणि माझी तर काढायची छातीच नव्हती.

म्हणून त्या वर्षी अक्कांना पुन्हा दिवस गेले तेव्हा मला ते कुणी सांगितलं नाही. मला ते घरातल्या शांततेवरून कळलं. एरवी कुंपणावरून भाजीवाल्याशी तारस्वरात घासाघीस करणाऱ्या अक्का कुजबुजल्यासारख्या बोलू लागल्या. आत्यांनी कायदा जारी केला होता: येणाऱ्याचं नाव काढायचं नाही, त्याच्यासाठी सुतळीचा तोडासुद्धा घरात आणायचा नाही. दुपटं नको, टोपडं नको, आणि पाळणा हा शब्दही नको. ही रीत आपल्याकडे सगळीकडेच आहे, पण त्या घरात ती रीत उरली नव्हती, नुसती भीती उरली होती. आणि आत्यांपेक्षाही तो कायदा अक्काच कडकपणे पाळत. कुणी शेजारीण पोटाकडे बघून हसली तरी त्या पदर ओढून आत निघून जात. आपण काहीच धरलं नाही, म्हणजे सुटायलाही काही नको, असं त्यांनी मनाशी ठरवलं असावं.

अण्णांना हे सोसवेना. एका रविवारी कॉफीचे दोन पेले घेऊन ते माझ्या खोलीत आले आणि, मी खुर्ची पुढे करेपर्यंत, चटईवर आडवे झाले. "पुणेकर, स्वल्प ऐका. तुम्ही परगावी कुणाकडे पाहुणे म्हणून गेलात. दार बंद, दिवा नाही, ओसरीवर माणूस नाही. काय कराल?"

"परत जाईन."

"सरी, बरोबर. मग ती तिघं का परत गेली?" ते छताकडे बघत म्हणाले. "आली बिचारी इतक्या लांबून. बघतात तर घरात सगळे श्वास धरून बसलेले. आपली वाट बघतंय असं कुणी दिसेचना. चूक झाली, हे घर नव्हे, असं वाटून गेली असतील. ह्या वेळी मी दार उघडं ठेवणार."

मी आत्यांच्या कायद्याची आठवण दिली. त्यावर ते उठून बसले, आणि ड्रॉइंगमधली एखादी अडचण सुटली की त्यांच्या तोंडावर येई तसलं हसू त्यांच्या तोंडावर आलं. त्यांना तोड सापडली होती. बेंगळूरकडे नवरात्रात घरोघर पायऱ्या करून त्यावर बाहुल्या मांडतात. गोंबे म्हणतात त्यांना. राजा-राणी, देव, वाणी, वरात, पुढं मोहरी पेरून उगवलेलं शेत आणि आरशाचं तळं. संध्याकाळी पोरं घरोघर बाहुल्या बघत आणि खाऊ उपटत हिंडतात. अण्णांच्या घरातल्या बाहुल्या कित्येक वर्षं माळ्यावर पेटीत पडून होत्या, कारण मूल नसलेल्या घरात मांडायच्या कुणासाठी? ह्या वर्षी मांडू या, असं अण्णांनी आत्यांना सांगितलं. देवीचं काम, आत्या नाही कशा म्हणणार? आणि बाहुल्या मांडायच्या म्हणजे खोलीला रंग हवा, मागं थोडा देखावा हवा. नवरात्र यायला अजून दोन महिने होते. अण्णांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वेकडच्या खोलीतलं सगळं सामान बाहेर काढलं.

मग जे सुरू झालं त्याला देखावा म्हणणं म्हणजे हत्तीला पाळीव प्राणी म्हणण्यासारखं आहे. आधी विषय ठरेना. समुद्र काढावा तर त्यांनी तो पाहिला नव्हता, आणि न पाहिलेली वस्तू काढणं त्यांच्या धंद्याच्या नीतीत बसत नव्हतं. शेवटी ठरलं की मूल इथंच राहायचं, तर त्याला गावाची ओळख करून द्यावी. चारी भिंतींवर बेंगळूर, पण कारभार सगळा जनावरांचा. चौकात पोलीस म्हणून हत्ती, कारण त्याला डावलून कुणी पुढं जाणार नाही. पोस्टमन उंट, कारण माडीच्या खिडकीत पत्र देता येतं. रस्त्यावरचे दिवे लावायला जिराफ. बसवनगुडीच्या शेंगांच्या जत्रेत दुकान मांडून अस्वल, आणि गिऱ्हाईक वळलं की ते शेंगा खातं. झाडावर चष्मा लावलेलं घुबड, ज्याचा चष्मा आणि भुवया पाहून आत्या दोन दिवस अण्णांशी बोलल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी शेजारणींना बोलावून ते घुबड दाखवत होत्या. गाय मात्र गायच होती आणि रस्त्याच्या मधोमध बसली होती. "तिथं काही बदलायला लागलं नाही," असं अण्णा म्हणाले.

हिरव्या रंगासाठी त्यांनी चिकपेटेतल्या रंगाच्या दुकानात विड्याचं पान, कढीपत्त्याची काडी आणि आंब्याची कोवळी पालवी नेऊन ठेवली. दुकानदाराला वाटलं, पूजेचं सामान शोधत गृहस्थ चुकून इकडे आले. त्यानं अगत्यानं नारळाचं दुकान दाखवलं. शेवटी तीन झाडांसाठी तीन हिरवे तयार झाले. चित्रं किती उंचीवर असावीत हे ठरवायला अण्णा आधी उताणे झोपले, मग कुशीवर, मग पालथे, आणि शेवटी माझ्यादेखत खोलीभर रांगले. कारखान्यात ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं पोरं ड्रॉइंगवरची मान वर करत नसत, ते हेड ड्राफ्ट्समन धोतराचा काचा मारून रांगत होते आणि रांगता रांगता मला सांगत होते, "पुणेकर, लिहून घ्या. गुडघ्यावरून अस्वल दिसत नाही. अस्वल एक वीत खाली." माझं काम शिडी धरायचं आणि हो म्हणायचं होतं.

सगळ्यात मोठा बेत छताचा होता. मूल पहिले काही महिने छताशिवाय बघणार काय? तिथं त्यांनी अख्ख्या शहराचा नकाशा काढायचं ठरवलं: यशवंतपूरहून निघालेली आगगाडी, हेब्बाळचं तळं आणि त्यात बदकं, लालबाग, गल्लीबोळ. आधी कागदावर मापात ड्रॉइंग, मग टेबलावर खाट चढवून, खाटेवर स्वतः चढून, मान मोडेस्तोवर रंगकाम. पंधरा दिवसांनी ते खाली उतरले, चटई अंथरली, उताणे झाले आणि मला जवळ बोलावलं. मीही शेजारी आडवा झालो. नकाशा सुरेख होता, फक्त उलटा होता. कागदावर तो वरून बघितल्यासारखा काढलेला आणि तसाच्या तसा छताला चढवलेला, त्यामुळे खालून बघताना डावं उजवीकडे गेलं होतं. हेब्बाळचं तळं यशवंतपूरच्या डाव्या हाताला आलं होतं आणि गाडी भलतीकडेच निघाली होती. ह्याच चुकीसाठी त्यांनी त्या पावसाळ्यात ऑफिसातल्या दोघांना चांगलं फैलावर घेतलं होतं. त्यांनी दोन कॉफ्या संपवल्या. मग म्हणाले, "इरली, असू दे. मूल वरूनच येणार ना? वरून बघताना सगळं बरोबर आहे. पत्ता चुकायचा नाही."

नवरात्रात त्या खोलीची कीर्ती संपिगे रोडच्या दोन्ही टोकांना पोचली. संध्याकाळ झाली की पोरांची झुंबड उडे. बाहुल्यांकडे कुणी बघेना. सगळी पोरं जमिनीवर आडवी, कारण अण्णा दारातच "आधी झोपा, मग बघा" म्हणून हुकूम सोडत. इतक्या वर्षांत त्या घरात इतका गलका झाला नव्हता. पण ज्या एका माणसासाठी हे सारं चाललं होतं ते माणूस काही तिथं फिरकलं नाही. ते माणूस म्हणजे अक्का, हे मला हळूहळू कळत गेलं होतं. अण्णा मुलाबद्दल बोलत, पण रंगवताना त्यांचे कान स्वयंपाकघराकडे असत. अक्का रोज पातेलंभर उसळ करून देत, ताटल्या उंबऱ्याबाहेरूनच माझ्या हातात ठेवत आणि मागं फिरत. आत डोकावून बघतसुद्धा नसत. "आज आली होती काय?" अण्णा रोज रात्री जेवायच्या आधी मला हळूच विचारत, आणि मी नाही म्हणे.

दसरा झाला. रिवाजाप्रमाणे राजा-राणीला आडवं करून निजवलं आणि बाहुल्या पेटीत गेल्या. आता खोली पुसून पांढरी करायची, असं आत्या म्हणणार, ह्या धास्तीनं अण्णा दारात उभे होते. आत्या आत गेल्या. त्यांनी हत्ती पाहिला, उंट पाहिला, घुबडापाशी जरा जास्त रेंगाळल्या. मग निकाल दिला, "गोंबे देवीच्या होत्या, त्या उठल्या. भिंतीवर नुसती जनावरं आहेत. जनावरांना सोयर नाही, सुतक नाही. राहू देत." आत्यांबद्दल माझ्या मनात जी काही अढी होती ती त्या दिवशी गेली.

थंडी पडू लागली. आठवा लागला होता, आणि आधीची दोन ह्याच सुमारास गेली होती. घर पुन्हा श्वास धरून बसलं. एका रविवारी दुपारी अण्णा भिंतीवरच्या लालबागेच्या फाटकाला शेवटचा हात देत होते आणि मी शिडी धरली होती. त्या फाटकावर राखणदार म्हणून त्यांनी वाघ काढला होता. त्याच्या डोळ्यांचा अण्णांना फार अभिमान. खोलीत कुठंही उभं राहा, वाघ तुमच्याकडेच बघे. ती करामत कशी साधते हे त्यांनी मला निदान दहा वेळा समजावलं होतं. अचानक मागून आवाज आला, "अहो."

उंबऱ्यात अक्का उभ्या होत्या. एक हात चौकटीवर, एक हात कमरेवर. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"त्या वाघाचे डोळे मिटवा."

"का?" अण्णांनी विचारलं.

"बाळ भिईल."

आठ महिन्यांत त्या घरात तो शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला. एरवी आपल्या एका रेघेसाठी तासभर भांडणाऱ्या अण्णांनी लगेच कुंचला पिवळ्या रंगात बुडवला. शिडीवरच ते वाघाच्या डोळ्यांकडे वळले. तो हात पट्टी न लावता सरळ रेघ ओढणारा. पण एक पापणी नीट मिटली आणि दुसरी वाकडी झाली आणि अर्धवटच राहिली, त्यामुळे वाघ डोळा मारतो आहे असा दिसू लागला. अक्कांनी ते पाहिलं आणि त्या फिस्सकन हसल्या. हसता हसता उंबरा ओलांडून आत आल्या, चटईवर बसल्या, आणि मग आधार घेत घेत हळूच आडव्या झाल्या. "हेब्बाळ त्या बाजूला कसं काय?" त्यांनी छताकडे बघत विचारलं. स्वयंपाकघरातून आत्या ओरडल्या, "कोण गं हसतंय?" अण्णा शिडीवरून उतरलेच नाहीत. भिंतीकडे तोंड करून ते वाघाची मिशी रंगवत राहिले, आणि ती मिशी त्या दिवशी नको तेवढी जाड झाली.

त्यानंतर अक्का रोज दुपारी त्या खोलीत पडू लागल्या. त्यांना भीती वाटत नव्हती असं नाही, पण आता ती त्या बोलून दाखवत, आणि बोलून दाखवली की ती निम्मी होई.

पौषातल्या एका सकाळी मी कारखान्याची बस गाठायला निघालो होतो, तेवढ्यात फाटक वाजलं. अण्णा रात्रीपासून इस्पितळात होते. ते चालत आले होते, डोक्याला मफलर गुंडाळलेला, कानांवर एकही पेन्सिल नाही. ओसरीवर आत्या जपमाळ हातात धरून बसलेल्या. अण्णा आमच्यासमोर उभे राहिले आणि त्यांना बोलता येईना. ज्या माणसाचं तोंड मी कधी मिटलेलं पाहिलं नव्हतं, त्याचे ओठ नुसते हलत होते. आत्यांच्या हातातली माळ थांबली.

"रडतेय," ते शेवटी म्हणाले. "आत्या, मुलगी. रडतेय हो. काय रडतेय! सगळं इस्पितळ उठवलं तिनं." आधीच्या तिघांपैकी कुणीच रडलं नव्हतं. एवढं सांगून ते पायरीवर बसले आणि मफलर तोंडाशी धरून लहान मुलासारखे रडले. आत्यांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "पुणेकर, साखर आणा आतून. आणि पाळणा बांधायची तयारी करा."

पाळणा म्हणताच अण्णा ताडकन उठले आणि खोलीत धावले. आम्ही मागोमाग गेलो. ते छताकडे बघत कपाळाला हात लावून उभे होते. पाच महिने मापं घेऊन, रांगून, तीन हिरवे मिसळून त्यांनी जगातली सगळ्यात देखणी बाळाची खोली तयार केली होती, आणि तीत पाळणा टांगायला कडीच नव्हती. शब्द काढायला बंदी, म्हणून ती वस्तू ड्रॉइंगमध्ये आलीच नाही. शेवटी तुळई सापडली ती नेमकी हेब्बाळच्या तळ्यावर, आणि बदकांच्या मधोमध लोखंडी कडी ठोकावी लागली. मुलगी घरी आली, बाराव्या दिवशी पाळण्यात पडली, आणि पुढं कित्येक आठवडे तिनं हत्तीकडे पाहिलं नाही, उंटाकडे पाहिलं नाही. ती त्या काळ्या कडीकडे टक लावून बघे आणि खुदकन हसे. अण्णा तिच्या शेजारी आडवे होऊन खात्री करून आले. मला म्हणाले, "खरं सांगू? इथून कडीच छान दिसते."

पुढच्या वर्षी माझी बदली झाली आणि बेंगळूर सुटलं. काही वर्षं दिवाळीला पत्रं येत राहिली, मग ती थांबली, आणि अण्णा गेल्याचं मला फार उशिरा, तिसऱ्याच माणसाकडून कळलं. ती मुलगी आता चांगली मोठी असेल. तिला वडील ठाऊक असतील. त्यांचं बोलणं, त्यांच्या पेन्सिली, त्यांचा हट्ट, हे सगळं तिनं माझ्यापेक्षा कितीतरी जास्त पाहिलं असेल. पण ती यायच्या आधीचे तिचे वडील मी पाहिले आहेत. तिची वाट बघणारा तो माणूस तिला कधीच भेटला नाही, आणि मला तो रोज भेटत होता. कधी गाठ पडली, तर एवढंच तिला सांगावं असं फार वाटतं.